गायरान, निहित, वहिवाट, पोटखराबा ‘ब’ : ग्रामसभेत वादाला कारण झालेल्या या शब्दांचे नेमके अर्थ काय?

प्रश्न
माणदेशी गुरुजी (ता. माण, जि. सातारा)

माण तालुक्यातील एका लहान गावात मी राहतो. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्यापासून ग्रामसभेचे इतिवृत्त वाचून दाखवण्याचे काम माझ्याकडे आले आहे, आणि जे मी वाचतो त्यातील निम्म्या शब्दांचा अर्थ मला स्वतःलाच ठामपणे सांगता येत नाही, हे गेल्या महिन्यात भर सभेत उघड झाले.

गावाच्या दक्षिणेला डोंगराच्या पायथ्याशी गायरानाचा गट आहे. पावसाळ्यानंतर तेथे मेंढरे चरतात, एरवी तो उघडा माळ असतो. त्याच्या एका कोपऱ्यात पत्र्याचे घर आणि घरापुढे वीसेक गुंठे बाजरीचे रान असून एक कुटुंब ते माझ्या लहानपणापासून करत आले आहे. यंदा त्याच कोपऱ्यात पाण्याची उंच टाकी बांधण्याचा विषय निघाला, तेव्हा त्या घरातील थोरल्या भावाने खताच्या पिशवीत गुंडाळून आणलेले कागद टेबलावर एकेक करून मांडले. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ चा उतारा, घरपट्टीच्या पावत्या, वीजबिले, आणि सर्वांत खाली महसूल खात्याकडे दंड भरल्याच्या, घडीवर फाटत चाललेल्या सहा पावत्या. ‘पन्नास वर्षांची वहिवाट आहे, आठचा उतारा आमच्या नावाचा आहे, सरकारला पैसे भरलेत, मग जागा दुसऱ्या कुणाची असेल?’ असे त्यांचे म्हणणे. सरपंचांचे म्हणणे असे की गायरान ग्रामपंचायतीकडे निहित आहे, म्हणजे मालक ग्रामपंचायत, आणि ठराव झाला की टाकीला कोणाची हरकत चालत नाही. तेवढ्यात एका तरुणाने मोबाईलवर सातबारा काढला. भोगवटादाराच्या रकान्यात ‘महाराष्ट्र शासन’ आणि इतर अधिकारात ‘गायरान’. एका जमिनीचे तीन मालक झाले आणि सभा तहकूब झाली.

दुसरा मुद्दा पाणंदीचा आहे. गावातून धनगरवस्तीकडे जाणारी पाणंद एका शेतकऱ्याच्या गटातून जाते. त्याच्या सातबाऱ्यावर सहा गुंठे ‘पोटखराबा वर्ग ब’ दाखवलेला आहे. चार महिन्यांपूर्वी त्याने पाणंद नांगरून तेथे डाळिंबाची रोपे लावली. ‘सातबारा माझा, म्हणजे खराबाही माझा’ हे त्याचे उत्तर.

कोण बरोबर आणि कोण चूक हे येथे ठरवून मागत नाही, कारण दोन्ही बाजूंची माणसे माझे विद्यार्थी आहेत. निहित, भोगवटा, वहिवाट, कब्जा, अतिक्रमण, पोटखराबा या शब्दांना कायद्यात काय अर्थ आहे, तेवढे जाणकारांनी समजावून सांगावे.

उत्तर १
निवृत्त सर्कल, सातारा

गुरुजी, नमस्कार. माझी सगळी नोकरी महसुलात गेली, शेवटची काही वर्षे मंडळ अधिकारी म्हणून. तेव्हा दप्तरापुरते मी सांगतो. कोर्टात काय टिकेल ते वकील मंडळींनी सांगावे.

आधी सातबाऱ्यावरचे ‘महाराष्ट्र शासन’. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम २० चा गाभा असा की जी जमीन कोणा व्यक्तीची किंवा संस्थेची मालमत्ता नाही, ती राज्य शासनाची, आणि सार्वजनिक रस्ते, ओढे, नाले, नदीपात्रे हेही त्यातच येते. अशा जमिनीपैकी काही भाग गावाच्या गुरांच्या मोफत चराईसाठी किंवा अन्य सार्वजनिक कामासाठी नेमून देता येतो, ती तरतूद कलम २२ ची. गायरान किंवा गुरचरण म्हणतात ते हेच. येथे लक्षात घेण्याची गोष्ट अशी की जमीन चराईला नेमून दिल्याने तिचा मालक बदलत नाही, तिचा वापर बांधला जातो, आणि तो वापर बदलायचा तर जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. म्हणून टाकी लोकांच्या उपयोगाची असली तरी ती केवळ ग्रामसभेच्या ठरावावर गायरानात उभी राहू शकत नाही.

‘निहित’ या शब्दाने मी चांगल्या चांगल्या सरपंचांना गोत्यात आलेले पाहिले आहे. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५१ खाली शासन काही जमिनी पंचायतीकडे निहित करू शकते, परंतु ते अटी घालून करते. निहित म्हणजे पूर्ण मालकी, केवळ ताबा, की नुसती देखरेख, हे त्या एका शब्दावरून ठरत नाही. ते ज्या आदेशाने जमीन निहित झाली त्या आदेशात पाहावे लागते. सरपंचांना एवढेच विचारावे की आदेशाची प्रत कोठे आहे. बहुतेक ठिकाणी ती नसते, आणि पूर्वापार देखरेख पंचायतीकडे आहे म्हणून मालकीही तिचीच असे धरून चाललेले असते.

आता थोरल्या भावाचे कागद. ‘आठचा उतारा’ असे आपण सर्रास म्हणतो, पण आठ दोन आहेत. गाव नमुना ८-अ हा तलाठ्याकडचा, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडचा, खातेदाराच्या जमिनीचा उतारा. ग्रामपंचायतीचा नमुना ८ ही कर आकारणीची नोंदवही. घरपट्टी घराच्या मालकाकडून किंवा तेथे राहणाऱ्याकडून वसूल करायची असल्याने पंचायत जो राहतो त्याचे नाव लिहिते, आणि घराखालची जमीन कोणाची हे ती नोंदवही ठरवत नाही. या दोन आठांच्या घोटाळ्यातून जितकी भांडणे उभी राहिली तितकी बांधावरूनही राहिली नसतील, असे माझे मत आहे.

दंडाच्या पावत्यांचे मूळ गाव नमुना १-ई मध्ये सापडेल. सरकारी जमिनीवरील अतिक्रमणांची ही नोंदवही. जमीन कोणत्या गटातील, क्षेत्र किती, अतिक्रमण कोणाचे आणि कशाचे, हे तीत लिहिलेले असते. या नोंदीच्या आधारे कलम ५० खाली दंड होतो आणि अतिक्रमण काढताही येते. लोक या पावत्या जिवापाड जपतात, कारण तो त्यांच्याकडे असलेला एकमेव सरकारी शिक्क्याचा कागद असतो. त्या पावतीवर काय लिहिले आहे हे मात्र कोणी त्यांना वाचून दाखवलेले नसते.

भोगवटा हा शब्द वेगळा. शासनाकडून धारण केलेल्या जमिनीचा कायदेशीर धारक तो भोगवटादार. वर्ग १ असेल तर जमीन विकायला सहसा आडकाठी नसते. वर्ग २ असेल तर शर्तभंग होऊ नये म्हणून आधी परवानगी आणि बहुधा नजराणाही (शासनाला भरायची रक्कम) लागतो. नवीन शर्तीच्या जमिनी, काही वतने खालसा होऊन पुन्हा दिलेल्या जमिनी या वर्ग २ मध्ये येतात. गायरानात राहणारा माणूस यांपैकी कोणत्याच वर्गात बसत नाही. बोलण्यात आपण त्याला ‘भोगवटा आहे’ असे म्हणतो, कायदा म्हणत नाही.

आणि पोटखराबा. लागवडीस अयोग्य म्हणून आकारणीतून वगळलेले, खातेदाराच्याच गटातील क्षेत्र तो पोटखराबा. खडक, खाणी, झुडपे असा जो शेतीला निरुपयोगी भाग तो वर्ग ‘अ’, आणि तो मालकाने मेहनत करून वहितीखाली आणला तर चालते. वर्ग ‘ब’ ची गोष्ट निराळी आहे. रस्ता किंवा मान्य पायवाट, इतरांच्या वापरातले तळे वा ओढा, स्मशान किंवा दफनभूमी अशा सार्वजनिक कारणासाठी राखलेले क्षेत्र म्हणजे ‘ब’. त्यात लागवड करता येत नाही. डाळिंब लावणाऱ्या गृहस्थांना सांगावे की सातबारा त्यांचा आहे हे खरे, पण त्याच सातबाऱ्याने ते सहा गुंठे त्यांच्या नांगराखालून वगळलेले आहेत. गावाच्या नकाशाची नक्कल काढावी. गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने आणि पायमार्ग एकेरी तुटक रेषेने दाखवलेला असतो.

उत्तर २
वकील, सांगली

सर्कलसाहेबांनी दप्तराची बाजू इतकी नीट सांगितली आहे की मला फक्त दाव्याच्या अंगाने भर घालायची आहे.

वहिवाट हा शब्द आपल्याकडे तीन अर्थांनी वापरतात आणि फिर्यादीतही तो तसाच घुसडला जातो. जमीन कसणे ही एक वहिवाट, दुसऱ्याच्या जमिनीतून जाणे-येणे ही दुसरी, आणि अमुक देवाची पालखी अमुक घरापुढे थांबते ही रूढीची तिसरी. कायद्यात या तिघींची घरे वेगळी आहेत. पहिली कब्जाची बाब, दुसरी सुविधाधिकाराची, तिसरी प्रथेची.

थोरल्या भावाचे म्हणणे कायद्याच्या भाषेत ‘प्रतिकूल कब्जा’ असे होते. मुदत अधिनियम, १९६३ प्रमाणे खासगी मालकाने मालकीच्या आधारे ताबा परत मागण्याची मुदत १२ वर्षे आहे आणि शासनाने दावा करण्याची ३० वर्षे. मुदत संपली की कलम २७ खाली मूळ मालकाचा हक्कच नष्ट होतो. यावरून गावोगावी असा समज झाला आहे की तीस वर्षे राहिले की सरकारी जमीन आपली. वर्षे मोजणे हा या विषयातला सर्वांत सोपा भाग आहे. कब्जा उघड हवा, अखंड हवा, आणि मुख्य म्हणजे मालकाचा हक्क नाकारून, ‘ही माझी’ अशा भूमिकेने केलेला हवा. परवानगीने राहणारा कितीही वर्षे राहिला तरी त्याचा कब्जा प्रतिकूल होत नाही. आणि ज्याने अतिक्रमणाचा दंड निमूटपणे भरला किंवा ‘माझे अतिक्रमण नियमित करावे’ असा अर्ज केला, त्याने जमीन शासनाची आहे हे स्वतःच मान्य केले असे न्यायालय म्हणू शकते. त्या सहा पावत्या ताब्याचा पुरावा आहेत, यात शंका नाही. परंतु तो ताबा कोणत्या नात्याने होता हेही त्याच सांगतात. माझ्याकडे असा पक्षकार आला तर मी आधी पावत्या पाहतो आणि मग दावा करावा की शासनाकडे विनंती करावी हे ठरवतो, कारण दोन्ही एकाच तोंडाने करता येत नाही.

२०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले की प्रतिकूल कब्जा हा केवळ बचाव नसून त्याच्या आधारे दावाही लावता येतो. त्याचा आधार घेऊन बरेच दावे दाखल झाले, पण त्याच निकालात सार्वजनिक उपयोगाच्या जमिनींबाबत असा हक्क मिळू नये अशी चिंताही न्यायालयाने व्यक्त केली आहे, ते पान वाचायचे राहून जाते. त्याआधी २८ जानेवारी २०११ रोजी पंजाबातील पतियाळा जिल्ह्यातल्या एका गावतळ्याच्या प्रकरणात, जगपाल सिंग निकालात, सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना गावांच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याची योजना करण्यास सांगितले. दीर्घकाळचा ताबा, बांधकामावर झालेला मोठा खर्च किंवा राजकीय ओळख ही नियमित करण्याची कारणे होऊ शकत नाहीत असे त्यात स्पष्ट आहे. अपवाद आहेत, पण मोजके. भूमिहीन मजूर किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना शासनाच्या अधिसूचनेने पट्टा (जमीन वापरण्याचा लेखी हक्क) दिलेला असेल, किंवा जागेवर आधीच शाळा, दवाखाना यांसारखी सार्वजनिक सोय असेल तर. गायरानातील कुटुंब भूमिहीन असेल आणि जुन्या काळी एखादा पट्ट्याचा आदेश निघालेला असेल तर तो शोधणे हे पावत्या जपण्यापेक्षा हजारपट उपयोगाचे आहे.

याचा अर्थ उद्या जेसीबी नेऊन घर पाडावे असा मात्र मुळीच नाही. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढला गेला, तरी अनुच्छेद ३००-अ प्रमाणे कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणालाही मालमत्तेपासून वंचित करता येत नाही. जमीन शासनाची ठरली तरी घराचे पत्रे, वासे, भांडीकुंडी त्या कुटुंबाचीच आहेत. नोटीस, म्हणणे मांडण्याची संधी आणि लेखी आदेश यांखेरीज केलेली कारवाई न्यायालयात अडचणीत येते.

फेरफार (हक्कातील बदलाची नोंद) आणि सातबारा यांविषयी एक वाक्य. संहितेच्या कलम १५७ प्रमाणे या नोंदी विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खऱ्या मानायच्या असतात, पण नोंदीने मालकी जन्माला येत नाही. मालकी खरेदीखत, वारसा, वाटप, प्रदान आदेश यांतून येते, नोंद नंतर होते.

पाणंदीबाबत घाई करावी लागेल. आधीपासून असलेला रस्ता अडवला असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दावा करता येतो, पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. आपण चार महिने झाले म्हणता, तेव्हा उरले दोन. संहितेचे कलम १४३ हे वेगळे आहे. रस्ताच नाही आणि शेतात जायला बांधावरून वाट हवी असेल तर त्यासाठी ते आहे. अर्जात ही दोन कलमे एकत्र मिसळली की प्रकरण वर्षभर लोंबकळते. सुविधाधिकाराचा, म्हणजे वीस वर्षे उघडपणे, निर्वेधपणे वापरलेल्या वाटेचा दावा दिवाणी न्यायालयात करता येईल, पण नकाशात दुहेरी तुटक रेषा आणि सातबाऱ्यावर खराबा ‘ब’ असेल तर वस्तीने तो रस्ता सार्वजनिक आहे असेच म्हणावे. सुविधाधिकार म्हटला की ‘जमीन तुझी, मला फक्त जाऊ दे’ असे मान्य केल्यासारखे होते.

उत्तर ३
माजी सदस्या, ग्रामपंचायत (ता. कडेगाव)

गुरुजी, एक गोष्ट कोणी लिहिली नाही म्हणून लिहिते. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४(१)(ज-३) प्रमाणे शासकीय जमिनीवर किंवा सार्वजनिक मालमत्तेवर अतिक्रमण करणारी व्यक्ती सदस्य राहू शकत नाही. ‘अतिक्रमण माझ्या सासऱ्यांनी केले, मी नाही’ असा बचाव आमच्या भागात बरीच वर्षे केला जात असे. २०१८ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला नाही. कुटुंबाच्या अतिक्रमणाचा लाभ घेत तेथेच राहणारी व्यक्तीही अपात्र ठरते. त्यामुळे गायरानाचा विषय ज्या सभेत चर्चेला येतो, त्या सभेतील प्रत्येक सदस्याने आपल्या पायरीचा, ओट्याचा आणि गोठ्याचा पुढचा खांब गावठाणाच्या रस्त्यावर तर उभा नाही ना, हे आधी घरी जाऊन पाहावे. मी पाहिले होते. आमचा ओटा दीड फूट बाहेर होता, तो काढला आणि मगच फॉर्म भरला. सासूबाई आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

उत्तर ४
आटपाडीकर

पट्ट्याचा जुना आदेश शोधायचा असेल तर गाव पूर्वी कोणत्या अमलात होते ते आधी पाहावे. आमची आटपाडी १९४८ पर्यंत औंध संस्थानात होती. आजचा सांगली जिल्हा १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ या नावाने झाला आणि सांगली हे नाव त्याला १९६० मध्ये मिळाले. मधल्या अकरा-बारा वर्षांच्या कागदांवर ‘जिल्हा दक्षिण सातारा’ असेच असते आणि नवे कारकून ते सातारचे समजून बाजूला ठेवतात. आमच्या चुलत्यांचा एक कागद असाच दोन जिल्ह्यांच्या फेऱ्या मारत होता. शिवाय जुने कागद सर्व्हे नंबराने असतील. जमिनींचे विखुरलेले तुकडे एकत्र करणाऱ्या एकत्रीकरण योजनेनंतर गट नंबर आले. जुन्या नंबराचा कोणता गट झाला हे एकत्रीकरणाच्या उताऱ्यावरून जुळवल्याशिवाय शोधायला बसू नये.

पुन्हा प्रश्नकर्ता
माणदेशी गुरुजी

सर्वांचा ऋणी आहे. तीन आठवड्यांत जे झाले ते सांगतो.

नकाशाची नक्कल मिळाली. वस्तीकडे जाणारी वाट दुहेरी तुटक रेषेनेच दाखवली आहे आणि ती वस्तीच्या विहिरीपाशी संपते. वकीलसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे कलम ५ खाली वस्तीतील सात जणांनी तहसीलदारांकडे दावा दाखल केला, मुदतीला पाच आठवडे बाकी असताना. डाळिंबवाल्यांना मी ‘अ’ आणि ‘ब’ चा फरक त्यांच्या ओट्यावर बसून सांगितला. ते काही बोलले नाहीत, पण परवा चार रोपे उपटून दुसरीकडे लावलेली दिसली.

१-ई ची नक्कल थोरल्या भावाला घेऊनच काढली. अतिक्रमण करणाऱ्याच्या रकान्यात त्याच्या वडिलांचे पूर्ण नाव होते आणि शेजारी ‘कच्चे घर व पीक’ असे लिहिलेले होते. त्याने वडिलांचे नाव दोनदा वाचले आणि शेजारचा शब्द मला मोठ्याने वाचायला लावला. मग म्हणाला, ‘गुरुजी, पट्टा मिळतो का ते बघू.’ आता त्याच्या आजोबांच्या नावाने काही आदेश निघाला होता का, याचा शोध जुन्या सर्व्हे नंबराने चालू आहे. त्याचा निकाल लागेपर्यंत टाकीसाठी त्याच गटाचा उत्तरेकडचा, मोकळा भाग मागावा असे ग्रामसभेने ठरवले. ठरावाच्या मसुद्यात ‘ग्रामपंचायतीच्या मालकीच्या गायरानात’ असे होते, ते खोडून ‘शासनाच्या मालकीच्या व ग्रामपंचायतीच्या देखरेखीखालील गायरानात’ असे केले. सरपंचांनी तक्रार केली नाही, हे नमूद करतो.

एकच शंका उरली आहे. जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवायच्या प्रस्तावात जागेचे ‘हस्तांतरण’ व्हावे असे लिहावे की जागेची ‘मागणी’ करावी?

निवृत्त सर्कल, सातारा

गुरुजी, ‘मागणी’ लिहावे. हस्तांतरण करायचे की नाही, कोणत्या अटीवर करायचे आणि किती क्षेत्राचे, हे जिल्हाधिकारी ठरवतील. प्रस्तावासोबत ग्रामसभेचा ठराव, गटाचा सातबारा, नकाशाची नक्कल आणि त्या गटाचा १-ई चा उतारा जोडावा. १-ई जोडायला सरपंच कांकू करतील, पण तो तुम्हीच आधी जोडलात तर मोजणीच्या वेळी अडून राहत नाही.